रात्रपाळी आणि पाळी

माझ्या चोविसाव्या वर्षी माझी पाळी बंद झाली होती आणि मी गरोदर नव्हते. हे वाक्य दिवाळी अंकात छापायची तयारी असेल तर पुढचं लिहिते, असं मी संपादकांना कळवलं. त्यांना नर्सबाईंच्या गोड आठवणी हव्या होत्या. बैलगाडीत झालेली बाळंतपणं, जुळी, पेढे घेऊन आलेले बाप. त्या माझ्याकडे पुष्कळ आहेत आणि मी त्या जन्मभर सांगत आले आहे. ही मात्र कधी लिहिली नाही. संपादकांचं उत्तर यायला पंधरा दिवस लागले. छापू म्हणाले.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागची ही गोष्ट. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातला एक तालुका होता. गावातल्या व्यापाऱ्यांच्या कमिटीने चालवलेला एक दवाखाना होता. त्याचं नाव लिहीत नाही. दवाखाना केव्हाच बंद पडला, पण त्या माणसांची नातवंडं गावात आहेत. मी रनाळ्याची. घरी शेती होती, ती भाऊ बघत. मी धुळ्याला जाऊन नर्सिंग शिकले याचं घरात एकट्या मायला कौतुक होतं. ती स्वतः अक्षरशत्रू, पण माझं सर्टिफिकेट तिने देव्हाऱ्याच्या वर लावून ठेवलं होतं.

दवाखान्यात तीस खाटा, बाळंतिणींची खोली वेगळी. एक डॉक्टर आणि आम्ही चार नर्सा. चौघींत ज्येष्ठ होत्या त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. उंच, सडपातळ, इस्त्रीची पांढरी साडी, आणि चूक दिसली की आवाज न चढवता माणसाला जमिनीत गाडण्याची कला. ड्यूटीचा तक्ता त्या लावत. रात्री आठ ते सकाळी आठ एकच नर्स आणि तिच्या जोडीला एक आया. बाकीच्या दोघींना संसार होता, लेकरं होती. मी बिनलग्नाची, दवाखान्याच्या आवारातल्याच पत्र्याच्या खोलीत राहणारी. पहिल्या महिन्यात मोठ्या सिस्टर म्हणाल्या, हिरा सिस्टर, या महिन्यात रात्र तुम्ही करा. दुसऱ्या महिन्यात काही म्हणाल्याच नाहीत, तक्त्यावर माझं नाव तिथेच होतं. असे पंधरा महिने गेले.

बाहेरच्या माणसाला वाटतं यात काय विशेष. लोक रात्री झोपतात, तुम्ही दिवसा झोपा. मलाही आधी तसंच वाटलं होतं. चोवीस वर्षांची धडधाकट पोर, खानदेशातली, बैल जुंपता येत होता मला. पण दिवसाची झोप ही झोप नसते. सकाळी नऊला अंग टाकलं की दहाला कापसाच्या जिनाचा भोंगा. हिवाळ्यात आवाराच्या मागेच वाळवणाच्या मिरचीची पथारी पडायची, नजर जाईल तिथवर लाल. वारा फिरला की खोलीत ठसका. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की ओली चादर अंगावर घेतली तरी अर्ध्या तासात वाळायची. हे सगळं नसतं तरी झोप लागली नसती, हे मला फार नंतर कळलं. थंडीतल्या शांत दुपारी, दार-खिडकी लावून, कानात कापूस घालून पडले तरी बाराच्या सुमारास डोळे टक्क उघडायचे. देह थकलेला आणि आतून कुणीतरी म्हणतंय, ऊठ, दिवस आहे.

रात्री उलट. दोन वाजता डबा उघडायचे. घरी दोन भाकरी सहज खाणारी मी, तिथे अर्धी भाकरी पोटात दगडासारखी बसायची. सकाळपर्यंत करपट ढेकर. आणि पहाटे चारला थंडी. मे महिन्यात, नंदुरबारात, जिथे खाटेच्या लोखंडी दांड्यालाही रात्री हात लावला की गरम लागतो, तिथे मला चार वाजता हुडहुडी भरायची. मी अंगावर शाल घ्यायचे. पेशंट हसायचे.

माझ्याबरोबर रात्री असायची ती आया सोनीबाई. विसरवाडीच्या पलीकडच्या पाड्यावरची, वयाने माझ्या मायएवढी. तिच्या घरची भाषा मला येत नव्हती आणि माझी तिला अर्धीच यायची, पण बाळंतपणात आमचं बोलण्यावाचून अडत नव्हतं. पहाटे तीही गप्प व्हायची. ती म्हणायची, या वेळेला माणूस अर्धा गेलेला असतो, म्हणून म्हातारे याच वेळी मरतात. मला तेव्हा तो तिचा भाबडेपणा वाटला.

रात्रीच्या नर्सकडे येणारी गिऱ्हाइकंही वेगळी. एक उस्मान ड्रायव्हर होता, मिरचीची पोती भरून सुरतेला न्यायचा. गाडी भरून होईतो रात्र व्हायची, मग निघण्याआधी दवाखान्यात यायचा आणि जागं राहायचं औषध मागायचा. असं औषध मी देणार नाही, म्हणून मी त्याला चहा करून द्यायचे आणि बाकावर तासभर झोपायला सांगायचे. तो झोपायचा नाही. एकदा त्याने सांगितलं की विसरवाडीपासून पुढचा बराच रस्ता त्याने झोपेत काढला. डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, वळणं बरोबर घेतलेली, आणि आठवत काहीच नाही. मी त्याला म्हटलं, उस्मानभाई, घेतली असेल तुम्ही थोडी. तो रागावला. त्याने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्याची मी नंतर मनात माफी मागितली, ते पुढे येईल.

सातव्या-आठव्या महिन्यापासून माझी पाळी मागेपुढे व्हायला लागली आणि मग थांबली. मी डॉक्टरांना सांगितलं. ते भले गृहस्थ होते. त्यांनी डोळ्याची पापणी ओढून पाहिली, रक्त कमी आहे म्हणाले, लोहाचं मिक्स्चर दिलं आणि मान खाली घालून म्हणाले की लग्न झालं की या तक्रारी जातात. मी मिक्स्चर प्यायले. दात काळे झाले, बाकी काही झालं नाही.

आवारात चार बायका राहत असल्या की कुणाचं काय थांबलं हे लपत नाही. महिन्याचे चार दिवस मी सगळ्यांच्या स्वयंपाकघरात शिरायचे नाही, ते चार दिवस आता येईनात, एवढं पुरलं. दोन महिन्यांत गोष्ट दवाखान्याबाहेर गेली, तिसऱ्या महिन्यात बाजारात. आता गोष्ट म्हटली की त्यात पुरुष लागतो. त्याचं नाव दर आठवड्याला बदलायचं. मी ड्यूटीवर जाताना बायका पोटाकडे बघायच्या आणि बोटांवर महिने मोजायच्या. एका बाळंतिणीच्या सासूने तर सरळ सांगितलं की हिच्या हातचं आम्हाला नको. मी म्हटलं, ठीक आहे, दुसरी नर्स सकाळी आठला येईल, तोवर बाळाला थांबायला सांगा.

कमिटीतून निरोप आला की मी तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांनी तसं लिहून द्यावं, म्हणजे दवाखान्याचं नाव राहील. मी नाही म्हटलं. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, दोन मिनिटांचं काम आहे, तोंडं बंद होतील. मी म्हटलं, त्यांची तोंडं त्यांनी उघडली आहेत, त्यांनीच बंद करावीत. मोजू दे त्यांना. नऊपर्यंत मोजतील, फार तर दहापर्यंत. आज लिहायला सोपं वाटतं. तेव्हा खोलीत जाऊन मी दाराला आतून कडी घातली होती.

मग माय आली. रनाळ्याहून एकटी, भावांना न सांगता. येऊन माझ्या खाटेवर बसली. पाणी दिलं ते घेतलं नाही.

"मन्हाकडे देख, हिरा," ती म्हणाली. "लोके बोलतस ते खरं शे का?"

"नई, माय."

"मंग काय व्हयनं तुले?"

"काहीच व्हयनं नई. तेच तं दुखनं शे."

 मला वाटलं माय आता रडेल, किंवा घरी चल म्हणेल, आणि ती म्हणाली असती तर मी बहुतेक गेले असते. ती उठली, माठातलं पाणी स्वतः घेऊन प्यायली.

"मंग त्या दुखनाले काही नाव व्हई ना. ते शोध. दवाखानामा ऱ्हास ना तू?"

एवढं बोलून ती दुपारच्या गाडीने परत गेली.

मला दुखणं शोधायचं शिक्षण कुणी दिलं नव्हतं. पण एक काम मला कुणापेक्षाही चांगलं येत होतं, ते म्हणजे तक्ता ठेवणं. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक कागद टांगलेला असतो. त्यावर ताप, नाडी, श्वास यांचे ठिपके देऊन रेघा जोडायच्या. ते कागद बघून डॉक्टर औषध ठरवतात. मी कपाटातला एक कोरा कागद काढला, नावाच्या जागी माझं नाव लिहिलं, खाट नंबर मोकळा ठेवला. रात्रभर दर दोन तासांनी थर्मामीटर तोंडात धरायचा. दिवसा जाग येईल तेव्हा पुन्हा. खाली लिहायचं: झोप किती, जेवण काय, पाळी नाही.

महिन्याने चार-पाच कागद जोडून भिंतीवर लावले, तेव्हा मी थक्क झाले. निरोगी माणसाचं अंग संध्याकाळी थोडं गरम असतं आणि पहाटे सगळ्यात थंड, हे आम्हाला शिकवलेलं होतं. वर्षभर रात्री जागून माझ्या अंगात हे उलटं व्हायला हवं होतं. झालं नव्हतं. काम मी रात्री करत होते, पण रेघ अजून दिवसाची होती, फक्त चुरगळलेली. पहाटे चारला ती खड्ड्यात जायची. दुपारी मी झोपायला धडपडत होते तेव्हा चढायची. आठवड्याची सुट्टी घेऊन रनाळ्याला जाऊन आले की तिचं उरलंसुरलं वळणही मोडायचं. माझ्या अंगाला माझी ड्यूटी मान्य नव्हती. पंधरा महिने ते माझ्याशी भांडत होतं आणि मी त्याला मिक्स्चर पाजत होते.

आता माझी नात डॉक्टर आहे. तिने मला समजावून सांगितलं ते थोडक्यात असं. मेंदूत एक घड्याळ असतं. त्याला किल्ली देतो तो उजेड. अंधार पडला की मेंदूतली एक ग्रंथी झोपेचं संप्रेरक रक्तात सोडते, उजाडायच्या सुमाराला दुसरी ग्रंथी उठवणारं संप्रेरक सोडते. भूक, पचन, अंगाची ऊब, सगळं त्या घड्याळाने चालतं. बाईच्या बीजकोशाला दर महिन्याला हुकूम जातो तोही त्याच मेंदूतून, ठरल्या वेळी. रात्रभर कंदील आणि दिव्यात राहायचं, दिवसा उन्हातून खोलीवर जायचं, अर्धवट झोपायचं, असं वर्ष काढलं की काही बायकांत तो हुकूम निघतच नाही. सगळ्यांचं असं होत नाही, आणि माझ्या बाबतीत अशक्तपणा आणि काळजीही त्यात असणार, हेही ती म्हणाली. मी म्हटलं, असू दे. आमच्या भाषेने दोन्हींना पाळीच म्हटलं आहे, एक पाळी दुसरीला खाऊ शकते हे मला तेव्हाच कळलं होतं.

पण तो तक्ता मी कुणाला दाखवला नव्हता. दाखवायची वेळ जमनाबाईने आणली.

जमनाबाई तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याच्या घरची सून. केळीचे मळे, मोठं कुटुंब. दुसरं बाळंतपण. संध्याकाळी सासूबरोबर आली आणि मध्यरात्रीनंतर तिला मुलगी झाली, काही त्रास न होता. वार पडली, पोट घट्ट झालं, सगळं पुस्तकात असतं तसं. बाळंतपणानंतरचे पहिले काही तास नर्सने बाळंतिणीजवळून हलायचं नसतं. दर पंधरा मिनिटांनी नाडी मोजायची, पोटावर हात ठेवून गर्भाशय आकसलेलं आहे ना बघायचं. ते सैल पडलं तर रक्त जातं आणि ते न दुखता जातं. बाईला फक्त झोप येते आहे असं वाटतं.

मी स्टूल घेऊन तिच्याशेजारी बसले. चार वाजले होते, ते मला आठवतं. त्यानंतर आठवतं ते सोनीबाईचा हात माझ्या खांद्यावर आणि तिचा खालचा आवाज, "बाई, खाटेखाली बघा."

रक्त चटईपर्यंत आलं होतं. जमनाचे ओठ पांढरे. त्यानंतर मी काय केलं ते मात्र एकेक सांगू शकते. पोटावर दोन्ही हातांनी गर्भाशय चोळलं, ते कणकेसारखं झालं होतं. सोनीबाईने खाटेचे पायथ्याचे पाय विटांवर चढवले आणि माझी जागा घेतली, मी गर्भाशय आकसवणारं अर्गोमेट्रिनचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, वॉचमनला डॉक्टरांकडे पळवलं. डॉक्टर आले तोवर पोट पुन्हा घट्ट व्हायला लागलं होतं. उजाडता उजाडता जमनाने पाणी मागितलं.

मग मी खाटेच्या पायथ्याचा कागद पाहिला. चार वाजता नाडी चौऱ्याऐंशी. सव्वाचारला चौऱ्याऐंशी. साडेचारला चौऱ्याऐंशी, आणि तिथून पेनाची रेघ घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. अक्षर माझं. मी तिच्या मनगटाला हात लावला नव्हता. मी स्टुलावर ताठ बसून, डोळे उघडे ठेवून, झोपेत लिहिलं होतं. तेव्हा मला उस्मान ड्रायव्हर आठवला.

सकाळी आठला मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि काहीही न विचारता कपाटातून एक कोरा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, बाई वाचली आहे, तो जुना फाडा आणि यावर नीट लिहा. त्यांनी ते माझ्या भल्यासाठी म्हटलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी जमनाचा कागद घेतला, खोलीच्या भिंतीवरचा माझा तक्ता काढून आणला आणि डॉक्टरांच्या टेबलावर दोन्ही ठेवले.

डॉक्टरांनी आधी जमनाचा कागद पाहिला, मग माझा. माझ्या कागदावर ते बराच वेळ होते. शेवटी म्हणाले, "हा पहिला कागद ठेवला तर तुमची नोकरी जाईल."

"नाही ठेवला तर पुढची बाई जाईल," मी म्हटलं.

जमनाला मीच सांगितलं. तिला सांगू नको असं सगळ्यांचं म्हणणं होतं. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली तेव्हा मी खाटेशी जाऊन सांगितलं की तुझं रक्त जात होतं तेव्हा मी शेजारी बसून झोपले होते. तिची सासू ताडकन उठली आणि कमिटीला बघते म्हणाली, आणि तिचं काही चुकलं नाही. जमना मात्र मला न्याहाळत होती. तिने हळू आवाजात विचारलं, "मंग तू कव्हय निजस?"

मी झोपते कधी, हे पंधरा महिन्यांत मला कुणी विचारलं नव्हतं. मी तोंड फिरवून बाहेर आले.

जमना वाचली, पण तिचं दूध आटलं. पोर शेळीच्या दुधावर वाढली. जमनाला पुढे सहा महिने धड उभं राहता येत नव्हतं, असं ऐकलं. हे माझ्या हातून झालं आहे. ज्या घड्याळाबद्दल मी वर एवढं लिहिलं, त्याच्या नावावर मी ते टाकणार नाही.

कमिटीची बैठक त्याच आठवड्यात लागली. त्या बैठकीच्या आदल्या दुपारी मोठ्या सिस्टर माझ्या खोलीवर आल्या. मी जागीच होते. त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या, कारण तक्ता मी परत तिथे लावला होता. पहाटेच्या खड्ड्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं की तेव्हा थंडी वाजते का. मी हो म्हटलं. मग पाठमोऱ्याच बोलल्या. त्यांनी सुरुवातीची दहा वर्षं दुसऱ्या एका गावी सलग रात्री केल्या होत्या, लग्नाआधी आणि लग्नानंतरही. पाळी कधी तीन महिन्यांनी, कधी सहा. मूल झालं नाही. नवऱ्याने दुसरी केली. बत्तिसाव्या वर्षी त्यांनी डॉक्टरांना विचारणं सोडलं आणि देवाने काहीतरी शिक्षा दिली आहे असं धरून चालल्या.

"तुमच्याबद्दलचं ते बोलणं माझ्याच तोंडून सुटलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, हिला तरी खरंच दिवस गेले असतील."

त्याचा अर्थ मला लागायला काही वर्षं लागली. त्या दिवशी मला फक्त राग आला होता. त्या गेल्या तेव्हा मी दारापर्यंतही गेले नाही.

बैठक दुपारी अध्यक्षांच्या पेढीवर झाली. अध्यक्षांचा स्वतःचा जिन होता. आधी माझ्या चुकीवर बोलणं झालं आणि मी सगळी कबूल केली. मग डॉक्टरांनी माझा तक्ता पुढे ठेवला आणि, हे मान्य केलं पाहिजे, तो समजावून सांगायचा प्रयत्न केला. पाळी हा शब्द त्यांनी वापरला नाही, बाकी सगळं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, हंगामात आमच्या जिनात शंभर माणसं रात्रपाळी करतात. त्यांना काही होत नाही. नर्सबाईंनाच कसं होतं?

मला बोलायची परवानगी नव्हती. मी बोलले.

"त्यांना काय होतं ते मला विचारा. तुमच्या जिनातली तुटलेली बोटं मी बांधते. ती मध्यरात्री येत नाहीत, संध्याकाळी येत नाहीत. पहाटे येतात. दवाखान्याचं रजिस्टर आणते, वेळा लिहिलेल्या आहेत."

कुणी रजिस्टर मागितलं नाही. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला आणि ते म्हणाले की या बाईला आजच मोकळं करा. त्यावर मोठ्या सिस्टर, ज्या आतापर्यंत कोपऱ्यातल्या खुर्चीवर होत्या, उठल्या. आवाज नेहमीसारखाच. म्हणाल्या, तक्ता मी लावते, पंधरा महिने एकीलाच रात्र मी दिली, तेव्हा मोकळं करायचं तर मला करा. नाहीतर उद्यापासून रात्र चौघी वाटून घेतील, एकेक महिना, आणि पहिला महिना माझा. बाळंतीण असेल त्या रात्री दोन आया. एवढं बोलून त्या बसल्यासुद्धा नाहीत, नमस्कार करून निघून गेल्या. त्यांच्याशिवाय दवाखाना एक दिवस चालला नसता हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मला लेखी ताकीद मिळाली. जमनाच्या कागदाची मी नक्कल करून घेतली होती, तिच्याशेजारी ती ताकीद ट्रंकेत ठेवली. दोन्ही अजून आहेत. चौघींचा तक्ता मात्र दवाखाना बंद होईतो तसाच चालला. जिनातली रात्रपाळीही तशीच चालली. बोटं पहाटेच येत राहिली आणि त्यांच्यासाठी मी काही करू शकले नाही. एकदा बोलले, एवढंच.

मी दिवसाच्या ड्यूटीवर आले. पहिला आठवडा रोज दुपारी बाराला मला अंधारी यायची. मग भूक जाग्यावर आली. मग झोप. पहिल्यांदा सलग सात तास झोपले त्या सकाळी सोनीबाईने मला मेलेली समजून हलवून उठवलं. ढेकर थांबले, अंगावर मांस चढलं. आणि तिसऱ्या महिन्यात, दिवाळीच्या आधी, एका सकाळी पाळी आली.

त्या काळी ते कपडे बायका कुठे वाळवत हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. खाटेखाली, पत्र्याच्या मागे, दुसऱ्या साडीच्या पोटात, जिथे ऊन आणि पुरुषाची नजर पोचणार नाही तिथे. त्यातून दुखणी होतात, उन्हात वाळवा, असं मी प्रत्येक बाळंतिणीला सांगायचे आणि स्वतः मात्र खोलीतल्या खुंटीवर वाळवायचे. त्या सकाळी मी ते साबणाने धुतले, पिळले आणि आवारातल्या मोठ्या तारेवर, दवाखान्याच्या चादरींच्या शेजारी, एकेक झटकून वाळत घातले. समोर बाहेरच्या पेशंटांची रांग लागली होती. बायका बघायला लागल्या, पुरुषांनी माना वळवल्या. मी बादली खाली ठेवून तिथेच उभी राहिले.

आठ वाजून गेले होते. मोठ्या सिस्टर त्या आठवड्यात एका लेकुरवाळीच्या बदली रात्रपाळी करत होत्या, ती संपवून वॉर्डातून बाहेर आल्या. डोळे लाल, अंगावर शाल. तारेपाशी थांबल्या. तारेकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"वारा आहे, हिरा सिस्टर," त्या म्हणाल्या. "चिमटे लावा."